शुक्र अल्लाहचा, आभार माणसांचेही

नौपाड्यातून ठाणे स्टेशनकडे सकाळी आठच्या सुमारास चालत निघालेल्या कुणाही माणसाची पंधरा-वीस मिनिटे नीट पाहावीत. इमारतीच्या वॉचमनने त्याच्यासाठी फाटक धरून ठेवलेले असते. गोखले रोड पहाटेच कुणीतरी झाडून गेलेले असते. केळीवाल्याकडे सुटे नसतात, तो म्हणतो, "राहू द्या साहेब, उद्या द्या." रस्ता ओलांडताना एखादा रिक्षावाला ब्रेक दाबतो आणि हातानेच 'जा' अशी खूण करतो. पुलाच्या जिन्यावर मागून येणारी मुलगी एका आजींची पिशवी दोन-चार पायऱ्या उचलून देते. फलाटावर "ही फास्ट आहे का स्लो?" असे विचारले की अनोळखी तरुण कानातले काढून उत्तर देतो. आणि गाडी सुटता सुटता दारातला एक हात पुढे येतो, खांद्याला धरतो आणि आत ओढून घेतो.

साडेआठ वाजायच्या आत या माणसावर सात जणांनी लहानसे का होईना, उपकार केलेले असतात. सातांपैकी किती जणांना त्याने एक शब्द परत दिला? बहुतेक वेळा एकालाही नाही.

हा माणूस वाईट नसतो. कदाचित तो फज्रची नमाज जमातीने पढून निघालेला असतो. कुणी विचारले, "कसे आहात?" तर तो मनापासून "अल्हम्दुलिल्लाह" म्हणतो. अल्लाहचे शुक्र त्याच्या जिभेवर आहे. पण अल्लाहने ज्या हातांकरवी त्याची सकाळ सोपी केली, ते हात त्याच्या नजरेतच येत नाहीत. या लेखाचा विषय एवढाच आहे, आणि तो दिसतो तेवढा छोटा नाही.

अल्लाहचे शुक्र आणि माणसांचे आभार

अबू दाऊद आणि तिर्मिजी या हदीस-संग्रहांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले की, जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचे आभार मानत नाही. या शिकवणीने एक पळवाट बंद होते. "मी अल्लाहचे शुक्र अदा केले, आता माणसाला वेगळे काय सांगायचे?" असे म्हणण्याची सोय ती ठेवत नाही. माणसाचे आभार राहिले तर अल्लाहचे शुक्रही अपुरे राहते, असा तिचा सरळ अर्थ आहे.

आता उपकार किती मोठा असला म्हणजे आभार मानायचे? याचेही उत्तर आपल्याकडे आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका वाटसरूची गोष्ट येते. चालताना त्याला रस्त्यावर काटेरी फांदी दिसली, त्याने ती बाजूला केली. एवढ्याच कामाची अल्लाहने कदर केली आणि त्याला माफ केले. मूळ अरबी शब्द पाहिले तर तिथे 'शकर' हेच क्रियापद आहे. म्हणजे सर्वांचा पालनकर्ता रस्त्यातली एक फांदी उचलण्याची कदर करतो, आणि आपण आपल्यासाठी रस्ता झाडणाऱ्याकडे मान वर करून पाहत नाही.

दुसरी हदीस खास स्त्रियांना उद्देशून आहे. शेजारणीने शेजारणीला दिलेली भेट, मग ती बकरीचा खूर का असेना, कमी लेखू नका, अशी तिची शिकवण आहे. खुरावर मांस ते कितीसे असणार! तरीही ते ज्या भावनेने आले ती भावना मोजायची. हा उपदेश देणाऱ्यालाही आहे आणि घेणाऱ्यालाही. देणाऱ्याने "एवढेसे काय द्यायचे" म्हणून हात आखडू नये, आणि घेणाऱ्याने "एवढेसेच दिले" म्हणून नाक मुरडू नये.

'माऊन'ची सूरह आणि शेजारचे पातेले

पवित्र कुरआनात एका छोट्या सूरहचे नावच रोजच्या वापरातल्या किरकोळ वस्तूंवरून पडले आहे. 'सूरह अल-माऊन'ची सातच आयती आहेत, आणि आपल्या मुलांना ती लहानपणीच पाठ होते. अनाथाला ढकलून देणारा, गरिबाच्या जेवणाची पर्वा नसणारा, दिखाव्याची नमाज पढणारा अशांची निंदा करत ती शेवटी येऊन थांबते ती साध्या वापरायच्या वस्तू नाकारणाऱ्यांपाशी. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) सांगत की, प्रेषितांच्या काळात बादली आणि पातेले उसने देणे यालाच आम्ही 'माऊन' समजत असू.

बादली आणि पातेले! ठाण्या-कल्याणच्या जुन्या चाळींत वाढलेल्या कुणालाही यात आपले बालपण दिसेल. पाहुणे आले की मोठे पातेले शेजारून आणायचे, वाटीभर साखर मागायची, इस्त्री मागायची, नळाला पाणी आले की शेजाऱ्याची कळशीही भरून ठेवायची. आणि या देवघेवीत एक न लिहिलेला नियम होता: भांडे रिकामे परत करायचे नाही. काहीच नसले तर तळाशी चिमूटभर साखर टाकून द्यायचे. हा रिवाज हिंदू घरात होता तसाच मुसलमानांच्या घरातही होता. ईदला शीरखुर्म्याचा डबा वरच्या मजल्यावर गेला की तो चार-आठ दिवसांनी भाजणीची चकली घेऊन खाली यायचा, आणि दिवाळीच्या फराळाचे ताट सामोसे किंवा शेवया घेऊन परत जायचे.

त्या चिमूटभर साखरेत आभारच होते. मराठी माणसाने तोंडाने फारसे आभार कधी मानले नाहीत. 'धन्यवाद' आणि 'मी आपला आभारी आहे' हे शब्द आजही भाषणाच्या शेवटी शोभतात, घरात म्हटले तर समोरचा हसतो, "अगं, आभार कसले मानतेस, परकी आहेस का मी?" म्हणून कृतज्ञता दुसऱ्या वाटेने जायची. "बरं झालं आलात", "तुम्ही होतात म्हणून निभावलं", "अल्लाह तुमचं भलं करो", "देव तुमचं कल्याण करो", आणि ते भरलेले भांडे.

आज टॉवरच्या अठराव्या मजल्यावर पातेले मागायला कुणी जात नाही. साखर दहा मिनिटांत मोबाइलवरून येते. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेजाऱ्याची गरज संपली तसे आभार मानायचे निमित्तही संपले. जुनी वाट बंद झाली असेल तर आता तोंडाने शब्द काढणे भाग आहे. नाहीतर मुलांपर्यंत काहीच पोहोचणार नाही, ना साखर, ना शब्द.

त्रेसष्ट तासांचा ब्लॉक

मोठ्या उपकाराची दखल घेतली जाते. १७ एप्रिल २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या वांगणी स्टेशनवर एका दृष्टिहीन आईचे मूल फलाटावरून रुळावर पडले. समोरून गाडी येत असताना रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके धावत गेले आणि त्यांनी मुलाला वर उचलले. ते दृश्य देशाने पाहिले, रेल्वेने पन्नास हजार रुपयांचे बक्षीस दिले, आणि त्यातली अर्धी रक्कम त्या मुलासाठी देण्याचे शेळके यांनी जाहीर केले. त्यांचे कौतुक झाले ते योग्यच झाले.

पण रोजच्या मदतीचे चित्रण होत नाही. ठाणे स्टेशनचेच एक उदाहरण घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, ते हे गाव. आज इथल्या पाच आणि सहा क्रमांकाच्या फलाटावर एकेकाळी काय गर्दी व्हायची, हे कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हा फलाट रुंद करण्यासाठी ३१ मेच्या मध्यरात्रीपासून २ जून २०२४ पर्यंत त्रेसष्ट तासांचा ब्लॉक घेतला गेला. शेकडो लोकल रद्द झाल्या. लोक वैतागले आणि त्यात नवल नाही. ज्याचा दिवसाचा रोजगार बुडाला त्याने वैतागू नये तर काय करावे?

पण मेअखेरच्या त्या उकाड्यात, दिवसरात्र, रूळ सरकवून फलाट दोन-तीन मीटर वाढवणारे मजूर होते. सोमवारी सकाळी आपण त्या वाढलेल्या जागेवर उभे राहिलो, धक्का थोडा कमी बसला, आणि गाडी पकडून निघून गेलो. गैरसोयीची चर्चा तीन दिवस चालली, सोयीची तीन मिनिटेही नाही. माणसाचा स्वभावच तसा आहे. दुखते तेव्हा दाताची आठवण येते, चांगल्या दाताचे नाव कुणी काढत नाही. कुरआनात सूरह सबामध्ये अल्लाह सांगतो की त्याच्या भक्तांत कृतज्ञ असणारे थोडेच आहेत. कृतज्ञता आपोआप येत नाही, ती सवयीने अंगी बाणवावी लागते, हाच यातून घ्यायचा धडा.

मशीद झाडणाऱ्या त्या स्त्रीची हदीसही इथेच आठवते. ती रात्री वारली. लोकांना वाटले, एवढ्या लहान बाबीसाठी प्रेषितांना का उठवायचे? त्यांनी तिला दफन केले. पण प्रेषित (सल्ल.) यांच्या ध्यानात आले की ती दिसत नाही. त्यांनी चौकशी केली, आपल्याला का कळवले नाही म्हणून विचारले, आणि तिच्या कबरीवर जाऊन तिच्यासाठी दुआ केली. झाडणारी दिसत नाही हे लक्षात येण्यासाठी ती असताना तिच्याकडे लक्ष असावे लागते.

उपकार कोणाचा, हे विचारू नये

आपली वस्ती राबोडी, महागिरी, मुंब्रा-कौसा, कल्याण, भिवंडी इकडे अधिक आहे. नौपाड्यात आपण जातो ते कामासाठी: राम मारुती रोडवर लग्नाची खरेदी, गावदेवीला भाजी, कुणाचा दवाखाना, कुणाचा क्लास, कुणाची नोकरी. तिथे दिवसभर ज्या माणसांशी गाठ पडते त्यांतली बरीचशी आपल्या धर्माची नसतात. दवाखान्यात "काकू, तुम्ही आधी जा, तुमच्या कडेवर मूल आहे" म्हणणारी बाई, रोजा आहे कळल्यावर मगरीबच्या वेळी दुकानात पाण्याची बाटली पुढे करणारा दुकानदार, ऑफिसात जुम्म्याच्या वेळी "तुम्ही जाऊन या, मी बसतो फोनवर" म्हणणारा सहकारी. असे प्रसंग आपल्या प्रत्येकाकडे आहेत. आपण ते सांगतो का?

बहुतेक वेळा सांगतो ते दुसरेच प्रसंग. कुणी घर भाड्याने दिले नाही, कुणी नाव ऐकून चेहरा बदलला. ते खरे असतात, दुखवणारे असतात, आणि ते लपवून ठेवा असे कुणी म्हणत नाही. अन्यायाला अन्याय म्हणायलाच हवे. पण मुलांच्या कानावर घरात फक्त तेच पडत राहिले तर बाटली पुढे करणारा दुकानदार त्यांच्या जगातून नाहीसा होतो. मग ती साऱ्या शहराला एकाच मापाने मोजू लागतात. हे त्या दुकानदारावरही अन्यायाचे आहे.

सीरतमध्ये यासाठी एक स्पष्ट उदाहरण आहे. ताइफहून दगडांनी जखमी होऊन प्रेषित (सल्ल.) मक्केकडे परतले, तेव्हा शहरात शिरण्यासाठी त्यांना कुणाचे तरी संरक्षण हवे होते. ते दिले मुतइम बिन अदी यांनी. आपल्या मुलांना शस्त्रांसह उभे करून त्यांनी प्रेषितांना सुरक्षित आत घेतले. मुतइम यांनी इस्लाम स्वीकारला नाही, त्याच स्थितीत ते वारले. पुढे बद्रच्या लढाईनंतर सत्तर कैदी हाती आले असताना प्रेषित (सल्ल.) म्हणाले की आज मुतइम हयात असते आणि त्यांनी या लोकांसाठी शब्द टाकला असता, तर मी त्यांच्याखातर सर्वांना सोडून दिले असते. ही नोंद बुखारीत आहे. उपकार करणारा या जगात नाही, धर्माने वेगळा आहे, मधे युद्ध होऊन गेले आहे. तरी त्याचे ऋण विसरले गेले नाही.

आपल्या महाराष्ट्रातलेही एक उदाहरण मुलांना सांगण्याजोगे आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मुलींच्या शिक्षणाच्या कामापायी घर सोडावे लागले, तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे फुले-चरित्रांत सांगितले जाते. त्यांच्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने या कामात उभ्या राहिल्या. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई माहेरी नायगावला आजारपणातून उठत होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्या पत्रात त्या फातिमाची आठवण काढतात: आपण तिथे नसल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा तो मजकूर आहे.

आजारी बाईने नवऱ्याला लिहिलेल्या घरगुती पत्रातला हा एक उल्लेख. त्यात 'आभार' हा शब्दही नाही. आपल्या वाटणीचे काम दुसरी कुणी ओढते आहे, याची जाणीव मात्र आहे. आणि आज दीडशेहून अधिक वर्षांनी फातिमा शेख यांचे नाव घेताना अभ्यासक याच पत्राकडे बोट दाखवतात. कुणाच्या कष्टाची कागदावर नोंद करून ठेवणे, ही केवढी मोठी परतफेड असू शकते!

सर्वांत अवघड ठिकाण: स्वतःचे घर

रिक्षावाल्याला 'थँक यू' म्हणणे त्यामानाने सोपे. अवघड आहे ते घरात. दुकानातल्या अनोळखी मुलाला आपण हसून "शुक्रिया" म्हणतो आणि घरी पाण्याचा ग्लास पुढे करणाऱ्या बायकोकडे न पाहताच तो हातात घेतो. सेहरीला सर्वांच्या आधी एक तास उठणारी आणि इफ्तारीच्या वेळी सर्वांच्या शेवटी बसणारी बाई कोण, हे सांगायची गरज नाही. तिला आपण विचारतो ते एवढेच, "आज भजी नाहीत का?"

प्रेषित (सल्ल.) यांनी जेवणाला कधी नावे ठेवली नाहीत, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात. आवडले तर खात, नाही आवडले तर राहू देत. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये तर याहून पुढची गोष्ट आहे. एकदा घरात तोंडी लावायला काही मागितले, तेव्हा सिरक्याशिवाय काहीच नव्हते. प्रेषितांनी तोच मागवला, खाल्ला, आणि सिरका किती चांगले तोंडीलावणे आहे अशी त्याची तारीफ केली. घरात काही नाही म्हणून घरच्यांना वाटणारी शरम त्या एका तारिफेने पुसली गेली असेल. आपल्या घरी महिनाअखेरीस नुसती डाळ आणि लोणचे असते, तेव्हा करून पाहण्याजोगी ही सुन्नत आहे.

हजरत खदीजा (रजि.) यांच्या पश्चातही प्रेषित (सल्ल.) त्यांची सतत आठवण काढत. बकरी कापली की तिचे वाटे खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवत. कठीण काळात ज्या पत्नीने साथ दिली तिचे आभार तिच्या माघारी तिच्या मैत्रिणींपर्यंत पोहोचत राहिले. आपल्या अम्मीच्या मैत्रिणी, अब्बूंचे जुने सोबती आज कुठे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अम्मी गेल्यावर त्या खालांकडे कधी शीरखुर्मा पोहोचवला का?

आणि सासू-सून, जावा-जावा यांच्यातले काय? सून म्हणते, "त्यांनी कधी चांगले म्हटलेच नाही." सासू म्हणते, "मी तिची दोन मुले सांभाळली, तिला त्याचे काही नाही." दोघींची तक्रार एकच आहे. त्यातल्या एकीने आधी तोंड उघडले की बऱ्याचदा दुसरीचेही उघडते. "अम्मी, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त कामावर जाते," हे एक वाक्य. पण कित्येक घरांत ते म्हणायचे राहून जाते, आणि मग जनाज्यानंतर म्हटले जाते.

आभार म्हणजे पगार नव्हे

इथे एका गोष्टीची काळजी घेतली पाहिजे. गोड बोलणे स्वस्त असते, म्हणून ते हक्काच्या जागी वापरले जाण्याची भीती असते. धुणे-भांडी करणाऱ्या ताईंना "तुमच्यासारखी बाई नाही हो" म्हणायचे आणि महिन्याचे पैसे दहा तारखेपर्यंत लांबवायचे, हे आभार नव्हेत. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही इब्न माजामधली हदीस आधी. गोड शब्द त्यानंतर.

करोनाच्या काळात हे आपण सर्वांनीच पाहिले. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर लोक गॅलरीत येऊन डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्यासाठी टाळ्या-थाळ्या वाजवत होते. पुढच्या काही आठवड्यांत त्यातल्याच काही वस्त्यांतून परिचारिकांना घर रिकामे करायला सांगितल्याच्या, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारल्याच्या बातम्या आल्या. शेवटी २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला १८९७च्या साथरोग कायद्यात वटहुकमाने बदल करून अशा हल्ल्यांसाठी शिक्षा ठरवावी लागली. टाळी वाजवायला काही द्यावे लागत नव्हते. जिन्यात समोर आलेल्या परिचारिकेला वाट द्यायला धीर लागत होता. कृतज्ञता खरी किती, हे तिथे कळले.

"पैसे दिले ना, मग आभार कसले?" असे म्हणणाऱ्यांसाठीही दोन शब्द. पैसे कामाचे दिले. जड सिलिंडर दारात न ठेवता स्वयंपाकघरापर्यंत आणून देणे, औषधाच्या पुडीवर 'जेवणानंतर' असे मोठ्या अक्षरात लिहून देणे, म्हाताऱ्या बाबांना रिक्षातून उतरताना हात देणे, हे कामाच्या मोबदल्यात येत नाही. ते त्या माणसाने स्वतःच्या खिशातून दिलेले असते.

देणाऱ्यालाही एक मर्यादा घातली आहे. सूरह अद-दहरमध्ये गरिबाला, अनाथाला, कैद्याला जेवू घालणाऱ्या भल्या लोकांचे वर्णन आहे. त्यांना त्याबदल्यात ना मोबदला हवा असतो, ना आभार. आणि सूरह अल-बकराहमध्ये उपकाराची जाणीव करून देऊन आपले दान वाया घालवू नका, असे बजावले आहे. तेव्हा वाटणी अगदी सरळ आहे. घेतले असेल तर विसरायचे नाही, दिले असेल तर आठवण करून द्यायची नाही. घराघरांतली भांडणे पाहिली तर बहुधा ही वाटणी उलटी झालेली दिसते. आपण कुणासाठी काय केले याचा हिशेब तोंडपाठ असतो, आणि आपल्यासाठी कुणी काय केले याची वहीच नसते.

या महिन्यात करून पाहण्यासारखे

कृतज्ञता ही सवय आहे, आणि सवय लहान कामांनी लागते. घरातल्या सर्वांनी मिळून पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

आपल्या इमारतीचा वॉचमन, सफाई कामगार, दूधवाला, पेपरवाला यांची नावे मुलांना विचारा. येत नसतील तर या आठवड्यात त्यांनी ती विचारून यावीत. "ए भाऊ" पेक्षा नावाने हाक मारून सलाम-नमस्कार करणे, ही पहिली पायरी.

आभार मानताना कशाबद्दल ते सांगा. नुसते 'थँक यू' हवेत विरते. "काल पावसात तुम्ही माझ्या मुलीला गेटपर्यंत छत्रीतून आणलंत, फार बरं झालं," हे लक्षात राहते.

'जजाकल्लाहु खैरन' अर्थ समजून म्हणा: अल्लाह तुम्हाला उत्तम मोबदला देवो. उपकार करणाऱ्याला असे म्हणणे ही पुरेपूर प्रशंसा आहे, असे हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये सांगितले आहे. मुलांनी ते घाईत 'जजाकल्ला' असे उरकू नये. आणि समोरच्याला ती भाषा कळत नसेल तर त्याच्या भाषेत म्हणा. "धन्यवाद काका", "तुमचे उपकार झाले ताई" म्हटले तरी ती दुआच असते. मनात खैर मागता येते.

जेवताना दस्तरखानावर प्रत्येकाने दिवसभरात आपल्याला कुणी केलेली एक मदत सांगावी. वडिलांनी आधी सांगावी. मुले पाहून शिकतात. आठ दिवसांत मुले शाळेतून अशा गोष्टी शोधून आणू लागतात, कारण रात्री सांगायच्या असतात.

एक जुने ऋण शोधा. शाळेतल्या बाई, फी भरायला उसने पैसे देणारे चाचा, बाळंतपणात दवाखान्यात रात्र काढणारी शेजारीण. नंबर मिळवा, फोन करा. "सहज केला, तुमची आठवण आली," एवढेच म्हटले तरी चालेल.

आणि शेवटी, शेजारचा डबा घरात येऊन पडला असेल तर तो रिकामा पाठवू नका.

ज्यांची परतफेड होत नाही

काही उपकार परत करताच येत नाहीत. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी सुमारे १०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले गेले. बोटी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होत्या, नौदलही आले होते, आणि आसपासच्या गावांतले लोकही मदतीला धावले होते. ज्यांना तिथे कुणी हात दिला, त्यांतल्या किती जणांना त्या माणसाचे नाव कळले असेल? गाडीच्या दारातून आपल्याला आत ओढणारा हातही असाच असतो. गर्दीत त्याचा चेहराही दिसत नाही, आणि पुढच्या स्टेशनवर तो उतरून जातो.

अशांचे काय करायचे, हा प्रश्न मदीनेतही विचारला गेला होता. हिजरत करून आलेल्या मुहाजिरांना अन्सारांनी घरात घेतले, कमाईत वाटा दिला. तेव्हा मुहाजिरांना काळजी पडली की सारे पुण्य तर अन्सारच घेऊन जातील, आपल्या वाट्याला काय उरणार? हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या या हदीसमध्ये प्रेषितांचे उत्तर आहे: तुम्ही त्यांच्यासाठी दुआ करत राहाल आणि त्यांची प्रशंसा करत राहाल, तोवर असे होणार नाही.

रिकाम्या हातांनी आलेल्या, घरदार मागे टाकलेल्या माणसांनाही हे दोन्ही करता येण्यासारखे होते. तेव्हा ज्याचे नावही ठाऊक नाही त्याच्यासाठी आपण इशाच्या नमाजेनंतर हात उचलताना एवढे तर नक्की मागू शकतो: या अल्लाह, आज ज्याने ज्याने माझा दिवस सोपा केला, त्याचा दिवस तू सोपा कर. आणि ज्याचे नाव ठाऊक आहे, त्याला उद्या सकाळी ते तोंडावर सांगू शकतो.